हुंगून घेतलेली मोटार

बाजारात खरबूज घेताना लोक ते नाकाशी धरतात. आमचे जोगदंड सर मोटार नाकाशी धरतात. मोटार म्हणजे विजेची. बोअरची, पिठाच्या गिरणीची, कूलरची, कुठलीही चालते. जी उचलता येत नाही तिच्यापाशी ते स्वतः वाकतात. चष्मा कपाळावर सरकवायचा, हात पाठीमागे बांधायचे, डोळे मिटायचे आणि मोटारीला नाक लावून एक लांब श्वास ओढायचा. मग सरळ उभं राहून निकाल सांगायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असतो, "नापास."

माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या हातात अक्षता, डोळे अंतरपाटाकडे, आणि सर मांडवाच्या कडेला भल्यामोठ्या कूलरमागे वाकून उभे. नवरदेवाच्या चुलत्यांना वाटलं, पाहुण्यांना घेरी आली. ते पाण्याचा तांब्या घेऊन धावले. सर डोळे न उघडता म्हणाले, "मला काही झालेलं नाही. हिच्या मोटारीच्या तारेवरचं वार्निश जळतंय. दहा मिनिटं." शेवटचं 'सावधान' व्हायच्या आत कूलरनं धूर सोडला. वऱ्हाड घामाघूम झालं आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी सरांकडे असं पाहिलं, जणू तो त्यांच्याच नजरेनं जळाला.

मी सरांचा शेजारी. वडवणीत बस स्टँडच्या रस्त्याला माझं औषधाचं दुकान आहे, म्हणून सर मला 'केमिस्ट' म्हणतात. माझं नाव त्यांना ठाऊक आहे, पण तीस वर्षं आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवल्यावर माणूस ट्रेडवरूनच ओळखायची सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. दोनपेक्षा जास्त माणसं समोर दिसली की ती त्यांची 'बॅच' होते. चहाच्या टपरीवर, मतदानाच्या रांगेत, एकदा तर मयतीलासुद्धा, "बॅच, सरळ रेषेत!" गंमत अशी की लोक सरळ होतात. आमच्या तालुक्यात ज्याच्या खिशाला टेस्टर आहे, तो बहुतेक त्यांच्याच हाताखालून गेलेला असतो.

रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, प्लॉटचे धंदे करतात, नाहीतर बायकोच्या कामात चुका काढतात. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, लेक नाशिकला नोकरीला. चुका काढायला घरात कोणीच नाही. एक दिवस त्यांनी अंबाजोगाईच्या एका डॉक्टरांकडून जुनी आठशे आणली. पाच-सहा वर्षं लिंबाखाली उभी असलेली ती छोटी गाडी. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडी डॉक्टरांनी वर दिली. ट्रॅक्टरला बांधून गाडी दारात आली, आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी तिचं इंजिन काढून भंगारात घातलं.

मी म्हटलं, "सर, त्यातल्या त्यात तेवढंच एक बरं होतं."

"केमिस्ट, हिला विजेवर चालवायचीय," सर म्हणाले, आणि सीटची कव्हरं उकळायला पातेलं शोधू लागले.

मग पंधरा दिवस नुसतं धुणं चाललं. पेट्रोलची टाकी काढली, नळ्या काढल्या, खालचा गालिचा फेकला, आतला पत्रा खाण्याच्या सोड्यानं घासला. सोडा माझ्याच दुकानातून गेला. मग मला बोलावणं आलं. "तुमचं नाक शिकलेलं आहे. काचा लावून पाच मिनिटं आत बसा आणि सांगा." एप्रिलच्या दुपारी बंद गाडीत पाच मिनिटं बसणं काय असतं, ते बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. मी बाहेर येऊन म्हटलं, "कोंबडीचा वास येतो." सरांनी गाडी पुन्हा धुतली. आता खरं सांगतो, त्या दिवशी मला सर्दी होती.

गल्लीला वाटायचं, पेट्रोल परवडत नाही म्हणून म्हाताऱ्याचा हा खटाटोप चाललाय. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि तेही माझ्या हुशारीनं नव्हे, गोळ्यांच्या पट्टीमुळे.

दर वर्षी चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की सर दुकानात यायचे आणि उलटीच्या गोळ्यांची एक पट्टी न्यायचे. दोन दिवसांनी तीच पट्टी काउंटरवर परत. आत नऊ गोळ्या. "एक वापरली. बाकीच्या घ्या परत." खोललेली पट्टी परत घेता येत नाही, हे मी दर वर्षी सांगायचो. "मग वापरलेली का लागू पडली नाही ते सिद्ध करा," असं ते दर वर्षी म्हणायचे. दर वर्षी मी पट्टी परत घ्यायचो.

गोळी असायची आक्कांसाठी. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण, दिंद्रुडला राहणारी. आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच त्यांना वाढवलं. लोकांच्या रानात खुरपून शिकवलं. या आक्कांना गाडी लागते. लागते म्हणजे किती? एसटी यायच्या आधी फलाटावरच त्यांचा चेहरा उतरतो. डिझेल, पेट्रोल, तापलेलं ऑईल, जळकं रबर, कशाचाही वास नाकात गेला की पोटात ढवळायला लागतं. पूर्वी येणंजाणं बैलगाडीनं व्हायचं. आता भाड्यानं बैलगाडी मिळत नाही, आणि मोटरसायकलवरून एकदा पडल्यापासून आक्का तिच्यावर बसत नाहीत. सरांनी रिटायर झाल्यावर वडवणीत घर बांधलं, त्यात उगवतीकडची खोली आक्कांची म्हणून काढली. आठ वर्षांत आक्कांनी ती खोली पाहिली नव्हती. दर जयंतीला सर आणायला जायचे, आक्का गोळी घेऊन, नवं लुगडं नेसून निघायच्या आणि गावच्या कमानीपाशी जीपमधून उतरायच्या. "भास्करा, न्हाई जमत रं मला. तू जा." सर एकटे परत यायचे, आणि खोलीतली धुतलेली चादर घडी करून कपाटात जायची.

म्हणजे सरांना गाडी नको होती; वास नसलेली गाडी हवी होती. पुढच्या जयंतीला आक्का घरात हव्या होत्या, आणि आक्का पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या. फार जयंत्या हातात आहेत असं धरून चालता येत नव्हतं.

"मग विजेवरची नवीच गाडी घ्या की," मी एकदा म्हटलं.

"पेन्शनमध्ये तिचं एक दार येईल," सर म्हणाले. तरी ते बीडला शोरूमला जाऊन आले. सेल्समननं अदबीनं दार उघडलं, सरांनी आत डोकं घातलं आणि श्वास ओढला. "नव्या प्लास्टिकचा वास. आक्का इथंच ओकेल." आक्का कोण हे न कळल्यानं सेल्समन बराच वेळ मागे वळून पाहत होता म्हणे.

बॅटरी मिळाली. बॅटरीच्या करंटचे तीन फेज करून देणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, तोही पुण्याहून आला. कागदपत्रांचं काम सरांनी आधीच मार्गी लावलं होतं. मास्तर माणूस, अर्ज लिहायची हौस. अडलं होतं एका जागी. "बॅटरी पैसे टाकले की येते, केमिस्ट. मोटार शोधावी लागते."

आणि शोधली म्हणजे किती! फोनवर परदेशी मोटारींचे फोटो पाहिले. चकचकीत होत्या, पण एकेकीची किंमत गाडीच्या चौपट. शिवाय सरांची तक्रार वेगळीच, "फोटो हुंगता येत नाही." मग दिल्लीकडच्या कोण्या व्यापाऱ्याकडून एक 'कोरी' मोटार मागवली. खोकं उघडलं, सर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. "बॅच, जवळ या." बॅच म्हणजे मी आणि पार्सलवाला. "वरून नवा रंग, आत जुनी जळकी. तीन वर्षांपूर्वी जळालीय ही." खिळ्यानं रंग खरवडला तर खाली खरंच काळं. पार्सलवाल्यानं घाबरून लगेच परतीचा कागद भरून दिला.

मग ई-रिक्षाची मोटार बसवली. ती पळाली. खरंच पळाली, बस स्टँडपासून तहसीलपर्यंत आम्ही पळालो, मी मागे बसून हात हलवत होतो. चढ आला आणि तिनं दम टाकला. रस्त्यावरचे लोक म्हणाले, "सर, हळू का होईना, चढली की!" सर बॉनेट उघडून वाकले. "चढली. पण तापली आणि वास आला. थिअरी पास, प्रॅक्टिकल नापास." मग संभाजीनगरच्या भंगारबाजारातून एक ओझी उचलणाऱ्या गाडीची मोटार आणली. ताकद अशी की तिनं भिंतच ओढली असती. पण तिच्यात कार्बनचे तुकडे घासत फिरायचे आणि जळक्या काडीसारखा वास सुटायचा. आता गल्लीतले लोक सरांना बघून नाक वर करून हुंगायची नक्कल करू लागले. मीही एकदा केली. नेमके तेव्हा सर मागे उभे होते. त्या दिवशी त्यांनी मला 'केमिस्ट' न म्हणता 'देशमुखसाहेब' म्हटलं. मला रात्रभर वाईट वाटलं.

या सगळ्या काळात सर रोज दहा वाजता मुनीरभाईंच्या दुकानात चहाला जात. मुनीरभाई मोटारी भरतात. जळालेल्या मोटारीची जुनी तार उपसून नवी तार गुंडाळून देणं म्हणजे मोटार भरणं. उन्हाळ्यात बोअर आटले की मोटारी कोरड्या फिरून जळतात, तेव्हा त्यांच्या दारात मोटारींची रांग लागते आणि प्रत्येक मोटारीवर खडूनं गावाचं नाव. सरांची तिथली बसायची जागा ठरलेली होती; बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीतली एक जुनी, ओतीव लोखंडाची मोटार. त्यावर पोतं टाकलेलं. वर्षभर सर तिच्यावर बसून मोटार मिळत नाही म्हणून सांगत होते.

त्या दिवशी मीही होतो. सर वैतागून म्हणाले, "मुनीर, चांगली, मजबूत, कार्बन नसलेली मोटार आपल्याकडं गल्लोगल्ली पडलीय. पण ती मागते चारशे चाळीस व्होल्ट. माझी बॅटरी देते बहात्तर. हिला एवढ्याशा लाईटवर फिरवायचं कसं?"

मुनीरभाई तार गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "सर, रानात लाईट कमी दाबानं येते. कास्तकार माझ्याकडं रडत येतेत, मोटार उचलंना म्हणून. मी त्यांला काय नवी लाईट आणून देतो का? कमी लाईटवर फिरंल अशी मोटार भरून देतो. तार जाड, तिचे येढे कमी. तीस साल झाले, हाच धंदा हाय आपला."

"पण चारशे चाळीसवरून बहात्तर?"

"येढे लई कमी, तार लई जाड. कावून न्हाई व्हनार? तुमीच शिकवलं की माझ्या भावाला."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच उठून त्यांनी आपल्या बुडाखालच्या मोटारीवरचं पोतं काढलं आणि तिच्याकडे असं पाहिलं की मला आपण बाहेर जावं की काय असं वाटायला लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर सर कळशावर बसून वळसा घालत होते. चष्मा कपाळावर गेला. हात मागे बांधले. सर वाकले.

"शेंगदाणे," ते म्हणाले.

"तेलाच्या गिरनीत जिंदगी गेली तिची," मुनीरभाई म्हणाले. "लोखंडात मुरलंय तेल. लई धुतलं तरी जायचं न्हाई."

सरांनी पुन्हा एकदा श्वास ओढला. मी मनात म्हटलं, आता ही पण नापास. पण ते म्हणाले, "आक्काला शेंगा आवडतात." मी त्यांच्या तोंडून मोटारीबद्दल ऐकलेला हा पहिला गोड शब्द.

मुनीरभाईंनी मोटार भरायला घेतली आणि मग त्यांचे हाल सुरू झाले. सरांची अट, तापल्यावर वार्निशचा वास येता कामा नये. नेहमी मुनीरभाई वार्निश पाजून एकदा भट्टीत वाळवत. सरांनी दोनदा वाळवायला लावलं, मग हुंगून तिसऱ्यांदा. चौथ्यांदा सांगायला गेले तेव्हा मुनीरभाईंनी हात जोडले. "सर, ही मोटार हाय, अत्तर न्हाई!" दुकानासमोर रांगेतले शेतकरी ओरडत होते की आमच्या मोटारी आधी द्या, पिकं वाळतायत. मुनीरभाई दिवसभर त्यांच्या मोटारी भरत, दुपारच्या जेवणाच्या तासात सरांची. सरांनी मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "आक्का आली की तिच्या हातची भाकर खाऊ घाला." हेही मी नोंदवून ठेवतो, कारण नंतर मुनीरभाई सगळ्यांना सांगत होते की सरांनी आपल्याला छळ छळ छळलं.

पहिली चाचणी बाजारच्या दिवशी झाली. खरं म्हणजे होऊ नये असाच दिवस, पण सरांना धीर निघेना. मुनीरभाईंनी तारा जोडल्या, सर स्टिअरिंगवर बसले, मी शेजारी. अर्धी वडवणी गोळा झालेली. सरांनी काच खाली करून "बॅच, पुढून बाजूला व्हा!" असा हुकूम सोडला. बॅच बाजूला झाली. सरांनी पहिला गिअर टाकला, पाय दाबला, आणि गाडी आवाज न करता, अगदी सभ्यपणे, मागे निघाली.

मागे वांग्यांचा ढीग होता. वांगीवाली बाई किंचाळली. सरांनी ब्रेक मारला, पण चार-पाच वांगी गेलीच. आणि मग अख्ख्या बाजारातून एकाच वेळी आवाज आला, "सर, फेज उलटा लागला! दोन वायरी बदला!"

आमच्याकडे शेळी राखणाऱ्या म्हातारीलाही हे ठाऊक असतं. बोअरची मोटार उलटी फिरली, पाणी कमी पडलं, की तीनपैकी दोन वायरी अदलाबदल करायच्या, मोटार सुलटी. सरांनी हे तीस वर्षं प्रत्येक बॅचला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. गर्दीतला एक जुना विद्यार्थी, आता डोक्याला टक्कल पडलेला, हात वर करून म्हणाला, "सर, प्रॅक्टिकल नापास!" दुसरा म्हणाला, "सर, वायरी राहू द्या. रिव्हर्स गिअर टाका, म्होरं जाईल!"

मला वाटलं, सर आता गाडीतच विरघळणार. पण त्यांनी गंभीरपणे मान डोलावली. "थिअरी बरोबर आहे." आणि खरंच रिव्हर्स गिअर टाकला. गाडी पुढे निघाली. बाजारातून जी आरोळी उठली तिनं माझ्या अंगावर काटा आला. रिव्हर्समध्ये पुढे जात, माणसांच्या दोन रांगांमधून आम्ही चौकापर्यंत गेलो. कोणी टाळ्या वाजवत होतं, कोणी बॉनेटवर थाप मारत होतं, आणि सर काचेतून एकेका जुन्या विद्यार्थ्याला हजेरी घेतल्यासारखं नावानं हाक मारत होते. मग मुनीरभाईंनी दोन वायरी बदलल्या. वायरी मुळात उलट्या कोणी जोडल्या यावर दोघांचं अजून एकमत नाही. वांग्यांचे पैसे सरांनी दिले आणि ती वांगी माझ्या घरी पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर गाडी तीनदा चढवली. बॉनेट उघडलं, सर वाकले. मग मला वाकायला लावलं. माझ्या नाकाला तेव्हा सर्दी नव्हती. भाजल्या शेंगांचा अगदी पुसट वास, बाकी काही नाही.

"पास," सर म्हणाले.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दिंद्रुडला निघालो. सरांनी बरोबर उलटीच्या गोळ्यांची नवी पट्टी घेतली होती, ती माझ्या खिशात. लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याच्या दोन बाटल्या, ओला रुमाल, सगळं मागच्या सीटवर माझ्याकडे.

आक्का ओसरीवर बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नाकात बारीक चमकी, पायात नव्या चपला. नवं लुगडं नेसलेल्या, पण चेहऱ्यावर तो दर वर्षीचा 'कमानीपर्यंत जाऊन येऊ' असा भाव. त्या गाडीच्या भोवती एक फेरी मारून आल्या आणि बॉनेटपाशी थबकल्या. हात पाठीमागे बांधले. वाकल्या. डोळे मिटून एक लांब श्वास ओढला.

मी सरांकडे पाहिलं. सरांनी दुसरीकडे पाहिलं. हे नाक कुणाकडून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

"गोळी देऊ का?" मी विचारलं.

"कशापायी?" आक्का म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

कमान आली. सरांनी आपोआप वेग कमी केला. आक्कांनी समोरच पाहिलं. कमान गेली. सरांच्या मानेवर घामाचे थेंब मला मागून दिसत होते. तेलगाव जवळ आलं तसं भलतंच झालं. पुढे एक डिझेलचा ट्रक, काळाकुट्ट धूर सोडत. आमची गाडी विनावासाची करायला वर्ष गेलं, दुसऱ्याच्या गाडीचा वास कुणी हिशेबात धरला होता? आक्कांनी पदर नाकाला लावला. सरांनी गाडी बाजूला घेतली, लिंबाखाली उभी केली. मी पिशवी उघडून तयार झालो. मी मनातल्या मनात त्या ट्रकवाल्याला सगळ्या शिव्या दिल्या.

आक्कांनी पदर काढला. इकडेतिकडे हुंगलं.

"भास्करा, इथं शेंगा कोन भाजून ऱ्हायलंय?"

"कुणी नाही, आक्का. मोटार तापली की तसा वास येतो."

"मंग भूक लागली की रं मला."

तिघांनी लिंबाखाली बसून आक्कांच्या गाठोड्यातली भाकर आणि ठेचा खाल्ला. ट्रक पार पुढे गेल्यावर निघालो. वडवणीच्या वेशीत शिरलो तेव्हा मुनीरभाई, जुने विद्यार्थी, ती वांगीवाली बाई, सगळे रस्त्यावर. गल्लीत जयंतीच्या निळ्या पताका लागलेल्या. सरांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी काच खाली करून पट्टी वर धरली आणि ओरडलो, "दहाच्या दहा!" लोकांना काही कळलं नाही, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आक्का घर फिरून आल्या. खोली पाहिली, चादरीवरून हात फिरवला, खिडकी उघडून बंद करून पाहिली. मग अंगणात येऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या.

"भास्करा, जयंती झाली की आंबेजोगाईला न्यायचं मला."

"दवाखान्यात?" मी घाबरून विचारलं.

"न्हाई वो. हा तिथं आयटीआयला व्हता, तवा ह्येला टायफॉईड झाला. मी यष्टीनं गेलते, वकत वकत. आठ दिस दवाखान्यात बसले. जाताना म्हनलं, यष्टीनं जाते, पर मला काय त्या यष्टीकडं बघवंना. दोन दिस चालत गेले घरी. ह्येला म्हाईत न्हाई." त्या हसल्या. "त्यो रस्ता मला एकदा बसून बघायचाय."

"म्हाईत हाय, आक्का," सर म्हणाले. तीस वर्षांच्या मास्तरकीत कमावलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

"कुनी सांगितलं?"

"सुट्टीत घरी आलतो. तुझे पाय बघितले."

"पन्नास वर्सं व्हत आली. कावून बोलला न्हाईस मंग?"

"गाडी न्हवती ना, आक्का."

सर वळले, बॉनेट उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि हात पाठीमागे बांधून वाकले. बराच वेळ वाकूनच होते. त्यांचे खांदे हलत होते.

आमच्या मागोमाग आलेले मुनीरभाई काळजीनं पुढे झाले. "सर, वास येतोय का?"

"शेंगदाण्याचा," आतून आवाज आला.

आक्का त्यांच्या शेजारी गेल्या, पदर खोचला आणि स्वतःही वाकल्या.